अडथळा कुठे बसवायचा?

गेमिंगसाठी कॉम्प्युटर स्वतः जोडायचा असं एकदा मनात आलं, की माणूस पहिल्याच रात्री ग्राफिक्स कार्डांचे तक्ते उघडून बसतो. आडव्या पट्ट्या, सगळ्यात लांब ती सगळ्यात वर, आणि आपण मनात धरलेलं कार्ड मधेच कुठेतरी. नजर आपोआप वर सरकते. एक पायरी वर गेलं तर फरक थोडाच. तिथून आणखी एक पायरी, पुन्हा थोडाच. प्रत्येक पायरीचं समर्थन करता येतं. चार पायऱ्या चढून झाल्यावर मात्र आपण निघालो कुठून होतो हेच आठवत नाही. हा खेळ मला चांगला ठाऊक आहे. विकत घेऊन ठेवलेल्या निम्म्या गेम्सपेक्षा मी हाच जास्त खेळलो असेन.

या तक्त्यांची गोम अशी, की ते एकेका भागाला सुटं उभं करतात. कॉम्प्युटरच्या आत मात्र कुठलाच भाग सुटा नसतो. प्रत्येकाला दुसऱ्या कुणाची तरी वाट पाहावी लागते. कार्ड जोरदार घेतलं तर ते प्रोसेसरसाठी खोळंबतं. प्रोसेसर जोरदार घेतला तर तो कार्डासाठी. दोन्ही जोरदार घेतले तर स्क्रीन मागे पडते. आणि तिन्ही उत्तम घेतले तर गेमचं इंजिन आडवं येतं, नाहीतर खेळणाऱ्याची बोटं. ‘यात बॉटलनेक तर नाही ना?’ हा प्रश्न म्हणूनच मला फारसा कामाचा वाटत नाही. तो असतोच. तो घालवता येत नाही, पण हलवता येतो. भाग निवडायचे म्हणजे हा अडथळा कुठे बसवायचा ते ठरवायचं, एवढंच आपल्या हातात असतं.

जीन ॲम्डाल या संगणकतज्ज्ञाने १९६७ साली जवळपास हीच गोष्ट गणितात मांडली होती, अर्थात गेम्ससाठी नव्हे. एखाद्या कामातला ५ टक्के भाग एकामागून एकच करावा लागणार असेल, तर उरलेल्या ९५ टक्क्यांवर कितीही प्रोसेसर लावा, एकूण वेग २० पटींच्या पुढे जाणार नाही. गेममध्ये हा ‘एकामागून एक’ भाग बराच मोठा असतो. आधी खेळणाऱ्याने काय केलं ते वाचायचं, मग त्याप्रमाणे ते जग पुढे सरकवायचं, मग ते कसं दिसतंय याच्या आज्ञा कार्डाकडे धाडायच्या. सोळा कोअरचा, म्हणजे आत सोळा स्वतंत्र कामकरी असलेला, प्रोसेसर आठ कोअरवाल्यासमोर गेममध्ये अनेकदा काहीच जास्त दाखवत नाही, ते यामुळे. व्हिडिओ एन्कोड करायला बसवलं की तोच सोळावाला सुसाट सुटतो. तेव्हा ‘कोअर जास्त तितकं बरं’ हे वाक्य कुणी ऐकवलं की मी आधी विचारतो, कशासाठी?

मी यादी उलट्या टोकाकडून करतो, डोळ्यापासून. आधी स्क्रीन, मग तिला सेकंदाला किती चित्रं पुरवायची ते, मग ती पुरवणारं कार्ड, मग त्या कार्डाला कामाला जुंपणारा प्रोसेसर, आणि बाकीची वरात त्यांच्या मागून. बहुतेक जण कार्डापासून सुरुवात करतात आणि स्क्रीन जुनीच ठेवतात. नाकापेक्षा मोती जड होतो तो इथेच.

आकडे पाहा. १९२० बाय १०८० च्या स्क्रीनवर साधारण २०.७ लाख पिक्सेल असतात. २५६० बाय १४४० वर ३६.९ लाख. ३८४० बाय २१६०, म्हणजे ज्याला आपण फोर-के म्हणतो त्यावर, ८२.९ लाख, पहिल्याच्या बरोबर चौपट. हे वाढलेलं ओझं जवळजवळ सगळं कार्डाच्या खांद्यावर पडतं. प्रोसेसरला त्याचं फारसं सोयरसुतक नसतं, कारण शत्रू भिंतीच्या मागे आहे की पुढे हे ठरवायची मेहनत पिक्सेल वाढल्याने वाढत नाही. रिफ्रेश रेट वाढवला तर मात्र दोघांचीही तारांबळ उडते. ६० हर्ट्झच्या स्क्रीनला दर १६.७ मिलिसेकंदांनी नवं चित्र लागतं, १४४ हर्ट्झला दर ६.९ नी, २४० हर्ट्झला दर ४.२ नी. तेवढ्या अवधीत प्रोसेसरने आपला वाटा उरकायचा आणि कार्डानेही. गंमत अशी, की ६० वरून १४४ वर गेलं की दर चित्रामागे ९.७ मिलिसेकंद वाचतात, आणि १४४ वरून २४० वर गेलं की जेमतेम २.८. पहिली उडी घरातल्या कुणालाही दाखवली तर कळते. दुसरी कळायला डोळा तयार असावा लागतो आणि खेळही तसाच वेगवान असावा लागतो.

प्रोसेसरच्या चाचण्या वाचताना हे लक्षात ठेवलं नाही तर पुरती फसगत होते. चाचणी घेणारे मुद्दाम १०८० वर आणि त्या घडीच्या सगळ्यात बलवान कार्डासोबत प्रोसेसर तपासतात. त्यांचं बरोबरच आहे. कार्ड मधे येऊ नये आणि प्रोसेसरांमधला फरक उघडा पडावा हाच तर हेतू. वाचणारा मात्र तोच फरक आपल्या मध्यम कार्डावर, १४४० वर, सगळी सेटिंग्ज वर चढवून मिळेल असं धरून चालतो. तिथे अडथळा आधीच कार्डावर जाऊन बसलेला असतो. मग तक्त्यात ठळकपणे पुढे असलेला प्रोसेसर आणि त्याच्या मागचा, दोघेही एकाच आकड्यावर टेकतात. तक्ता खोटं बोललेला नसतो. त्याला विचारलेला प्रश्न वेगळा होता.

सरासरी फ्रेम रेटचंही तसंच. एका सेकंदात १०० चित्रं आली म्हणावं, तर त्यातल्या ९९ चित्रांनी मिळून ९०० मिलिसेकंद घेतले आणि उरलेलं एकच १०० मिलिसेकंद अडकून पडलं, असंही होऊ शकतं. सरासरी तीच, शंभर. पण नेमकं त्या एका चित्राच्या वेळी आपण वळलेलो असतो आणि समोरच्याने आपल्याला टिपलेलं असतं. म्हणून चांगल्या चाचण्यांत सगळ्यात रेंगाळलेल्या एक टक्का चित्रांचा आकडा वेगळा देतात, ज्याला ‘वन पर्सेंट लो’ म्हणतात. मी आता आधी तोच पाहतो. ज्या चाचणीत तो नाही, ती बाजूला.

मध्यंतरी भाच्याने विचारलं, “मामा, कुठलं कार्ड घेऊ?”

“खेळतोस काय?”

“मित्रांबरोबर काउंटर-स्ट्राइक. कधीमधी फुटबॉल.”

“आणि स्क्रीन?”

स्क्रीन जुनीच, ६० हर्ट्झची. म्हटलं, “अरे, मग तुला कार्ड नकोय, स्क्रीन हवीय.” त्याचा चेहरा पडला. साहजिक आहे, नव्या कार्डाच्या खोक्याचा फोटो मित्रांना पाठवता येतो, रिफ्रेश रेटचा फोटो निघत नाही. पण काउंटर-स्ट्राइकसारख्या खेळाला मध्यम कार्डही पुरून उरतं, तिथे ओझं प्रोसेसरवर जास्त पडतं, आणि सेकंदाला दोनशे चित्रं तयार झाली तरी ६० हर्ट्झची स्क्रीन त्यातली साठच दाखवणार. त्याच्या जागी सायबरपंक २०७७ रे ट्रेसिंग (प्रकाशाची वाट मोजून चित्र काढायची पद्धत) लावून, रस्त्यावरच्या पावसात दिव्यांची प्रतिबिंबं बघत भटकणारा कुणी असता, तर माझं उत्तर पार उलटं झालं असतं. त्याला २४० हर्ट्झ घेऊन करायचंय काय? त्याला काळा रंग खरोखर काळा दिसायला हवा, म्हणजे ओएलईडी प्रकारच्या स्क्रीनकडे वळायला हवं. आणि कार्डावर जितका भार टाकता येईल तितका टाकायला हवा. आयपीएस आणि व्हीए हे एलसीडी स्क्रीनचे दोन प्रकार. आयपीएस पॅनेलचा काळा रंग अंधाऱ्या खोलीत राखाडी भासतो. व्हीए पॅनेलचा गडद असतो, पण स्वस्तातल्या व्हीएवर काळोख्या दृश्यात वस्तू हलल्या की मागे डाग ओढल्यासारखे दिसतात. आपण कुठल्या अंधारात जास्त वेळ काढणार आहोत, एवढा विचार केला तरी निम्म्या स्क्रीन यादीतून गळतात.

तिसरी जात आहे ती फॅक्टोरिओमध्ये अवाढव्य कारखाने उभारणाऱ्यांची आणि फ्लाइट सिम्युलेटरमध्ये तासन्‌तास विमान हाकणाऱ्यांची. यांचा अडथळा बहुतेकदा प्रोसेसरवर बसतो, आणि त्यातही प्रोसेसरच्या वेगापेक्षा त्याला माहिती मिळण्याच्या वेगावर. एएमडीने एप्रिल २०२२ मध्ये रायझन ७ ५८००एक्स-थ्रीडी आणला तेव्हा हे फार छान उघड झालं. त्यात ३२ मेगाबाइट एल-थ्री कॅशवर, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्याच जलद मेमरीवर, आणखी ६४ मेगाबाइटचा थर चढवलेला होता, एकूण ९६. या थरापायी त्याचा कमाल वेग साध्या ५८००एक्सच्या ४.७ गिगाहर्ट्झवरून ४.५ वर उतरवावा लागला. खोक्यावरचा आकडा घसरला आणि गेममधला वाढला. कारण रॅमपर्यंत जाऊन यायचं म्हणजे प्रोसेसरची शेकडो चक्रं रिकामी जातात. लागणारं पुस्तक टेबलावरच असेल तर कपाटापर्यंत उठावं लागत नाही, तसं. पुढे २०२४ मधल्या ९८००एक्स-थ्रीडीमध्ये त्यांनी हा थर कोअरच्या वर न ठेवता खाली घातला. मग कोअरची उष्णता थेट कूलरपर्यंत पोचायला लागली आणि वेग उतरवण्याचीही फारशी गरज राहिली नाही. थर तोच, जागा तेवढी बदलली. मला या सगळ्या क्षेत्रातली ही सगळ्यात देखणी हालचाल वाटते.

आता रॅम. तिच्या पाकिटावर दोन आकडे असतात, वेग आणि सीएल (मागितलेली गोष्ट यायला लागणारी चक्रं), आणि लोक एकच वाचतात. डीडीआर४ ३२०० सीएल १६ आणि डीडीआर५ ६००० सीएल ३० या दोन जोड्या घ्या. सीएलला वेगाच्या निम्म्याने भागून हिशोब केला तर दोन्हीकडे उत्तर तेच येतं, १० नॅनोसेकंद. म्हणजे मागितलेली पहिली गोष्ट हातात पडायला दोघीही सारखाच वेळ लावतात. त्यानंतर मागोमाग किती सामान येतं, त्यात नवी जवळजवळ दुप्पट. सहा हजारच्या पुढचे आकडे पाहून भुलण्याआधी हा भागाकार करावा. कांड्या दोनच घ्याव्यात, म्हणजे दोन्ही चॅनेल भरतात. एकच घेतली तर निम्मा रस्ता बंद. डीडीआर५ च्या चार लावल्या तर प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरवर ताण येऊन बहुधा सगळ्यांचाच वेग खाली आणावा लागतो. आणि सगळं नीट बसवून झालं तरी बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो ही वेगाची सोय सुरू केल्याशिवाय रॅम पाकिटावरच्या वेगाने धावतच नाही, सुरक्षित मंद चालीने चालत राहते. अशा मंद चालीवर वर्षानुवर्षं खेळणारे लोक मी पाहिले आहेत. सुखी असतात. त्यांना सांगावं की नाही हा प्रश्न पडतो.

ग्राफिक्स कार्डाबद्दल एवढं लिहिलं जातं की मी एकाच गोष्टीवर थांबतो, त्याच्या स्वतःच्या मेमरीवर. एनव्हिडियाच्या तीन हजारांच्या मालिकेत एक चमत्कारिक जोडी होती. आरटीएक्स ३०६० टीआय हे बलवान कार्ड, त्याला ८ गिगाबाइट. आणि त्याच्याहून कमजोर आरटीएक्स ३०६०, त्याला १२. धाकट्याचं ताट मोठं का? कारण कार्डाच्या मेमरीचा आकार मनाला येईल तसा ठरत नाही, बसच्या, म्हणजे मेमरीकडे जाणाऱ्या वाटेच्या, रुंदीवर ठरतो. एका चिपला ३२ बिटांची वाट लागते. ३०६० ची बस १९२ बिटांची, म्हणजे चिप सहा. एका चिपमध्ये एक किंवा दोन गिगाबाइट. तेव्हा पर्याय दोनच, ६ किंवा १२, आणि ६ फारच तोकडे पडले असते. टीआयची बस २५६ बिटांची, चिप आठ, पर्याय ८ किंवा १६. तिथे कंपनीने ८ वर भागवलं.

याचा परिणाम नंतर जाणवायला लागला. गेमचं टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावर चढवलेलं चित्र) कार्डाच्या मेमरीत मावलं नाही की ते साध्या रॅममधून ओढून आणावं लागतं, आणि मग बाकी सगळी ताकद असूनही चित्र मधेच अडखळतं, नाहीतर समोरची भिंत क्षणभर मेण वितळल्यासारखी राहते आणि मग तिच्यावर विटा उगवतात. इथे एक बारकावा आहे, जो तक्त्यांत दिसत नाही. सावल्या, प्रतिबिंबं, रे ट्रेसिंग यांना कार्डाची मेहनत लागते. टेक्श्चरच्या दर्जाला मुख्यतः जागा लागते. जागा असेल तर टेक्श्चर सगळ्यात वर नेऊन ठेवावं, वेग जवळजवळ घटत नाही, आणि डोळ्याला सगळ्यात आधी तेच दिसतं. म्हणून ताकदीने सारखी दोन कार्डं समोर आली तर मी मेमरीकडे झुकतो. १४४० वर खेळायचं असेल आणि कार्ड चार-पाच वर्षं ठेवायचं असेल, तर आज ८ गिगाबाइटचं नवं कार्ड घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मग अपस्केलिंग, म्हणजे लहान चित्र काढून ते मोठं करायचं तंत्र, आलं आणि सगळी गणितं पुन्हा हलली. एनव्हिडियाने २०१८ मध्ये डीएलएसएस जाहीर केलं, एएमडीने २०२१ मध्ये एफएसआर आणलं. फोर-के स्क्रीनवर डीएलएसएस ‘क्वालिटी’ला ठेवलं की कार्ड प्रत्यक्षात २५६० बाय १४४० चंच चित्र काढतं आणि उरलेलं अंदाजाने भरतं, ‘परफॉर्मन्स’ला ठेवलं तर १९२० बाय १०८० चं. अंदाज आता इतका चांगला जमतो की खेळताना मला फरक शोधावा लागतो. पण कार्डावरचं ओझं असं उतरलं की अडथळा गुपचूप प्रोसेसरकडे सरकतो. फोर-केला कुठलाही प्रोसेसर चालतो असं समजून हलका प्रोसेसर घेतलेला माणूस इथे चकतो, कारण तो आता आतल्या आत १०८० वर खेळत असतो. फ्रेम जनरेशनबद्दल माझं मत थोडं आंबट आहे. दोन खऱ्या चित्रांच्या मधे एक रचलेलं चित्र घालायचं तर दुसरं खरं चित्र तयार होईपर्यंत थांबावं लागतं. हालचाल मऊ दिसते, आकडा फुगतो, पण माऊस हलवल्यावर जग हलायला लागणारा वेळ कमी होत नाही. सेकंदाला सत्तर-ऐंशी खरी चित्रं आधीच मिळत असतील तर जरूर लावावं. तीसची साठ करायला लावलं तर हाताला लगेच कळतं, डोळ्याला काहीही दिसो.

मदरबोर्ड आणि एसएसडी यांवर मी फार वेळ घालवत नाही. मदरबोर्डमध्ये सॉकेटला, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या खाचेला, पुढे आयुष्य आहे का, प्रोसेसरला वीज पुरवणारी व्हीआरएमची बाजू धड आहे का, पाठीमागे पुरेशी यूएसबी भोकं आहेत का, आणि प्रोसेसर न लावता बायोस अपडेट करायचं बटण आहे का, एवढं पाहावं. एएमडीचं एएम४ सॉकेट इतकं टिकलं की २०१७ च्या कित्येक बोर्डांवर बायोस बदलून २०२२ चा प्रोसेसर बसला. असं भाग्य प्रत्येक सॉकेटच्या वाट्याला येत नाही. एसएसडीचं म्हणाल तर जुन्या साटा जोडणीची सेकंदाला साधारण ५५० मेगाबाइट, नव्या पीसीआयई जोडणीत ३ ची साधारण ३५००, ४ ची ७०००, आणि ५ ची १४००० पर्यंत. आणि बहुतेक गेम्स उघडायला लागणाऱ्या वेळात साटाच्या पुढे काही सेकंदांचा फरक, त्यापुढे तोही नाही. कारण लोडिंगमध्ये दाबून ठेवलेली माहिती उलगडायचं काम प्रोसेसरही करत असतो. वेगापेक्षा जागा जास्त घ्या. संपला विषय.

ज्याचा तक्ता कुणीच आवडीने वाचत नाही, तो एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा. त्याच्यावर ‘८० प्लस’चं सोनेरी चिन्ह असतं. २००४ मध्ये सुरू झालेलं हे प्रमाणपत्र कार्यक्षमता मोजतं, म्हणजे भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती आत पोचली ते. व्होल्टेज किती स्थिर आहे, शॉर्ट झाल्यावर तो वेळेत बंद पडतो का, आतले कपॅसिटर कसले आहेत, यातलं काहीही ते चिन्ह सांगत नाही. आणि आधुनिक कार्डांची भूक सरळ नसते. ३०० वॉटचं म्हणवणारं कार्ड क्षणाच्या बारीकशा अंशासाठी त्याच्या कितीतरी वर उसळी मारतं. एसएमपीएसला ती सहन झाली नाही तर ऐन लढाईत कॉम्प्युटर धाडकन बंद, आणि मग आपण आठवडाभर विंडोजला शिव्या देतो. २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकात म्हणूनच, १०० मायक्रोसेकंदांपुरती का होईना, क्षमतेच्या दुप्पट उसळी झेलण्याची अट आली. त्याच वर्षी ४५० वॉटच्या आरटीएक्स ४०९० ला ६०० वॉटपर्यंतचा नवा बारीक कनेक्टर दिलेला होता, आणि काही जणांचे कनेक्टर वितळल्याच्या बातम्याही आल्या. तो शेवटपर्यंत न बसल्याने संपर्क अर्धवट राहतो आणि तिथे उष्णता साठते, हे एक महत्त्वाचं कारण पुढे आलं. नंतरच्या आवृत्तीत त्याच्या खुणेच्या पिना आखूड केल्या, म्हणजे अर्धवट बसला तर कार्ड वीज ओढणारच नाही. दाबून बसवा, आणि तोंडाशी लगेच वाकवू नका. आणखी एक: मॉड्युलर एसएमपीएसच्या वायरी दुसऱ्याला लावू नका. कार्ड-डिस्ककडचं टोक सारखं असतं, एसएमपीएसकडच्या टोकाची रचना कुणी ठरवून दिलेली नाही. जुनी वायर नव्यात चपखल बसते आणि डिस्क जळते.

कॅबिनेटकडे मी उशिरा वळतो, पण मग बराच वेळ रेंगाळतो. पुढून अखंड काच असलेली कॅबिनेटं दिसतात सुरेख. हवा कुठून घेणार हे मात्र त्यांना विचारायचं नसतं. कॉम्प्युटर ५०० वॉट ओढत असेल तर ते सगळे ५०० वॉट शेवटी उष्णता होऊन खोलीतच उतरतात; कूलर ती उष्णता नाहीशी करत नाही, फक्त चिपपासून दूर नेतो. म्हणून पुढे जाळी हवी, आणि आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा जरा जास्त हवी, म्हणजे धूळ फटींतून न शिरता गाळणीवर अडते. पंखा मोठा आणि संथ असावा. पंख्याचं गणितच तसं आहे: वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण लागणारी शक्ती आठव्या हिश्शावर येते, आणि आवाज तर फारच उतरतो. पाण्याचा कूलर लावायचा असेल तर रेडिएटरचा काही भाग पंपाच्या वर राहील असं पाहावं. आत साचलेली हवा सगळ्यात उंच जागी जाते, आणि ती पंपात गेली की गुरगुर सुरू. माझ्यापुरतं विचाराल तर दोन पंख्यांचा धड एअर कूलर पुरे. त्यात बिघडण्यासारखं आहेच काय? पंखा. तो बदलता येतो.

जोडून झाल्यावरचे दोन-तीन घोटाळे इतके ठरलेले आहेत की सांगून टाकतो. एएमडीच्या एएम५ सॉकेटवर डीडीआर५ लावून पहिल्यांदा सुरू केलं की बोर्ड रॅमची ओळख करून घेतं आणि स्क्रीन काही मिनिटं काळीच राहते. घाबरून सगळं उचकटू नका. स्क्रीनची वायर कार्डाला लावा, मदरबोर्डच्या भोकाला नव्हे. आणि १४४ हर्ट्झची स्क्रीन आणलीत तर विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन तिला तसं सांगा, नाहीतर ती ६० वर चालत राहू शकते.

‘आत्ता घेऊ की थांबू’ हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. पुढची पिढी नेहमीच काही महिन्यांवर असते. २०२१ मध्ये थांबलेल्यांना वाट पाहण्याखेरीज काही मिळालं नाही, कारण चिपचा तुटवडा होता आणि जी कार्डं निघत होती त्यातली कितीतरी इथेरियम हे आभासी चलन खणायला जात होती. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने खाणकाम बंद केलं आणि तीच कार्डं वापरलेल्या मालात पडायला लागली. थांबलेले शहाणे ठरले की न थांबलेले, हे दर वेळी वेगळं निघतं. जुन्या कॉम्प्युटरवर खेळायचं टाळायला लागलात, सेटिंग्ज खाली आणूनही वैताग येत असेल, तर घ्या. नुसता तक्ता बदलला म्हणून नको.

माझ्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर अडथळा शेवटी मीच बसवलाय, तोही हाताने. स्क्रीन १४४ हर्ट्झची, व्हेरिएबल रिफ्रेश असलेली, म्हणजे कार्डाच्या चालीप्रमाणे आपला रिफ्रेश रेट बदलणारी. गेम्सना १३८ ची मर्यादा घातली आहे, म्हणजे स्क्रीन आणि कार्ड कायम एका तालात राहतात. कार्डाची वीजमर्यादाही ८० टक्क्यांवर उतरवली आहे. चिपला लागणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे शेवटच्या थोड्याशा वेगासाठी ती भलतीच वीज खाते. वीस टक्के काढून घेतली तरी चित्रं काही टक्केच घटतात. बऱ्याच गेम्समध्ये कार्ड पूर्ण जोराने चालतच नाही.

एका मित्राला हे अजिबात पटत नाही. एवढं कार्ड घेतलंस आणि अर्धपोटी ठेवतोस, मग लहानच घ्यायचं होतंस, असं तो म्हणतो. लहान कार्डावरही १३८ चा आकडा आला असता, नाही असं नाही. पण ते सतत शंभर टक्क्यांवर राहिलं असतं, आणि पंखे किती फिरायचे हे मग त्याने ठरवलं असतं, मी नव्हे.